कटला पहाटे वर येऊन तोंड उघडतोय? पाण्यात काही टाकण्याआधी हे तपासा

पहाटे सहाच्या आत माझा फोन वाजला की घरातले न विचारताच म्हणतात, "कुणाचे तरी मासे वर आले." आमच्या सांगोला-पंढरपूर भागात डाळिंबासाठी शेततळी खूप झाली. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यावर आणखी झाली. पाणी साठलेलंच आहे तर कटला, रोहू, मृगळ हे मासे सोडू, असं बहुतेकांनी केलं, मीही केलं. पहिल्या वर्षी माझ्या तळ्यात एका रात्रीत कटला उताणा पडला. तेव्हापासून पाण्यातला ऑक्सिजन कमी पडण्याचा हाच एक बिघाड स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या तळ्यांत इतक्यांदा बघितलाय की आता फोनवर चार प्रश्न विचारले तरी निम्मा अंदाज येतो. ते प्रश्न इथे लिहून ठेवतो.

लक्षणं

पहाटे चारनंतर कटला वरच्या थरात येऊन एकाच जागी थांबतो. अंग तिरकं, डोकं वर, शेपूट खाली, आणि तोंडाची सारखी उघडझाप. जिथून पाणी पडतं त्या पाइपाखाली किंवा वाऱ्याच्या कोपऱ्यात गर्दी होते. खडा टाकला तरी पळत नाही, किंवा बुडी मारून लगेच वर येतो. खाद्याला तोंड लावत नाही. नऊ-दहाला ऊन चढलं की सगळे खाली जातात आणि तळं असं शांत दिसतं की काही झालंच नव्हतं. मालक निश्चिंत होतो. मग चार-आठ दिवसांनी आभाळ भरून येतं आणि पुन्हा तेच.

इथे एक घोळ नेहमी होतो. कटला मुळातच वरच्या थरातला मासा. मोठं डोकं, वर वळलेला खालचा जबडा, मिशा नाहीत. वर तरंगणारे बारीक जीव खाण्यासाठीच त्याचं तोंड तसं आहे. त्यामुळे कटला वर दिसला म्हणजे संकट, असं नाही. चरणारा कटला फिरत असतो, पाणी फोडतो, माणसाची सावली पडली की पसार होतो. गुदमरलेला जागचा हलत नाही. शंका असेल तर मृगळ शोधा. तो तळाशी राहणारा मासा आहे. मृगळ वर येऊन तोंड उघडत असेल तर खालच्या थरात काही उरलेलं नाही असं समजा आणि पुढचं वाचत बसू नका, आधी पाणी हलवा.

मासे आत्ता वर असतील तर

मोटर चालू करून तळ्यातलंच पाणी उचला आणि उंचावरून, फवाऱ्यासारखं फुटून परत तळ्यात पडेल असं सोडा. पाइपाच्या तोंडाला भोकं पाडलेला डबा किंवा फांदी बांधली तरी पाणी फुटतं. फूटव्हॉल्व्ह वरच्या तीन-चार फुटांत ठेवा. तळातलं काळं पाणी वर ओढलंत तर आहे तोही ऑक्सिजन तेच खाऊन टाकेल.

बोअरचं पाणी थेट पाइप बुडवून सोडू नका. जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन बहुधा नावालाच असतो. ते उंचावरून आपटून पडलं तरच कामाचं.

त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद. दुकानात मिळणारी ऑक्सिजनची पावडर किंवा गोळ्या घरात असतील तर पाकिटावरच्या मात्रेत टाका. एक-दोन तास निभावतात, पण कारण तसंच राहतं. चुना, पोटॅशियम परमँगनेट, शेवाळ मारायचं औषध यातलं काहीही घाईघाईत टाकू नका. लोक हेच सगळ्यात आधी टाकतात, आणि मग मला सांगायचं विसरतात.

आणखी एक, हे माशांपेक्षा महत्त्वाचं. प्लॅस्टिक अस्तराच्या तळ्यात अंधारात, एकट्याने उतरू नका. शेवाळलेल्या कागदावर पाय ठरत नाही आणि पोहता येणारा माणूसही वर चढू शकत नाही. चारही बाजूंना गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम असू द्या.

आता मासे खाली गेल्यावर, निवांत, कारण शोधू. आधी फुकटातलं.

घड्याळ

मासे किती वाजता वर येतात आणि किती वाजता खाली जातात, हे तीन दिवस लिहा. एवढ्याने निम्मं कोडं सुटतं.

पाण्यातलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ, सगळे मिळून तो वापरतात. म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला ऑक्सिजन सर्वांत जास्त आणि सूर्य उगवण्याच्या जरा आधी सर्वांत कमी असतो. मासे पहाटे वर आणि ऊन आल्यावर खाली, असं होत असेल तर ही ऑक्सिजनची रात्रीची तूट आहे. माशाला रोग नाही. दुपारी बारालाही वर असतील तर कल्ले, अमोनिया, नायट्राइट (अमोनियातून पुढे बनणारं रसायन) किंवा विष यांपैकी काहीतरी आहे आणि तुम्ही थेट खाली पाणी तपासायची किट आणि कल्ल्यांच्या तपासणीकडे जा.

उन्हाळ्यात ही तूट लवकर का येते, तर गरम पाण्यात ऑक्सिजन मावतच कमी. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसात. कटल्याला ५ च्या वर हवा असतो. ३ च्या खाली तो त्रासात असतो, एकच्या आसपास मरायला लागतो. म्हणजे उन्हाळ्यात हाताशी शिल्लकच थोडी, आणि रात्र तेवढीच खर्चिक.

मेलेला मासा कोणता आणि केवढा

काही मासे मेले असतील तर फेकण्याआधी बघा. ऑक्सिजन कमी पडला की मोठे मासे आधी मरतात. बारके बऱ्याचदा वाचतात. तोंड उघडं आणि कल्ल्यांची झाकणं फाकलेली असतात. लहान-मोठे, सगळ्या जातीचे एकदम मेले असतील, मरण्याआधी वेडेवाकडे पळत होते असं कुणी सांगत असेल, तर आदल्या दिवशी आसपास फवारणी झाली होती का ते विचारा. डाळिंबावर आणि द्राक्षावर मारायची काही कीटकनाशकं माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात. पंप धुतलेलं पाणी तळ्याच्या बांधावर ओतलेलं मी दोनदा बघितलंय. एकदा ते आमच्याच गड्याने ओतलं होतं.

कोपरापर्यंत हात

सकाळी नऊ-दहाला, ऊन असताना, काठावर आडवं होऊन हात सरळ पाण्यात घाला आणि तळव्याकडे बघा. कोपर बुडायच्या सुमाराला तळवा दिसेनासा होत असेल तर पाणी ठीक. मनगट बुडल्याबरोबर दिसेनासा होत असेल तर शेवाळ फार दाट झालंय. पहाटे त्रास होणारच. खांद्यापर्यंत घालूनही स्पष्ट दिसत असेल तर उलट पाण्यात खायला काही नाही, तो वेगळा विषय.

रंगही बघा. पोपटी-हिरवा चालतो. पृष्ठभागावर रंग सांडल्यासारखा निळसर हिरवा तवंग आला असेल तर सावध. आणि काल गर्द हिरवं असलेलं पाणी आज अचानक तपकिरी किंवा पारदर्शक झालं असेल, तर शेवाळ एकदम मेलंय. हा सर्वांत वाईट प्रकार. मेलेलं शेवाळ कुजताना ऑक्सिजन खातं आणि दिवसा ऑक्सिजन बनवणारंही कुणी उरत नाही. म्हणूनच मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून शेवाळ मारा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. शेवाळ मरतं, दोन दिवसांनी मासे मरतात, आणि तांबं स्वतःही माशांना घातक आहे.

दाट शेवाळावर माझा उपाय कंटाळवाणा आहे. खाद्य निम्मं करायचं, शेण-खत पूर्ण बंद करायचं, आणि तळ्यातलं पाणी बागेला देऊन त्याजागी विहिरीचं पाणी आठ-दहा दिवस थोडं थोडं भरायचं. बागेला ते हिरवं पाणी मानवतंच. ठिबकचा फिल्टर मात्र रोज धुवावा लागतो.

काल काय टाकलं

खाद्याचा हिशेब मागितला की मंडळी "अंदाजे टाकतो" म्हणतात. अंदाजाने टाकलेलं खाद्य बहुतेक वेळा जास्तच असतं. समजा ६०० मासे आहेत, सरासरी अर्ध्या किलोचे. म्हणजे ३०० किलो मासा. दिवसाला वजनाच्या दोन टक्के धरले तर ६ किलो खाद्य. मी गेलो होतो त्या एका तळ्यात इतक्याच माशांना रोज अर्धं पोतं जात होतं. शेंगपेंड आणि भाताचा कोंडा भिजवून, गोळे करून, थेट तळ्यात. न खाल्लेला प्रत्येक गोळा तळाशी जाऊन कुजतो, आणि कुजायला ऑक्सिजनच लागतो. शिवाय त्यातून अमोनिया निघतो आणि तो परत शेवाळाला खत होतो.

म्हणून खाद्य छिद्रं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगा. दोन तासांनी पोतं उचला. शिल्लक असेल तर उद्या तेवढं कमी. खाद्य सकाळी ऊन वर आल्यावर द्या. संध्याकाळी दिलं की माशाला पचवायला ऑक्सिजन रात्री लागतो, जेव्हा तो नसतो. ढगाळ दिवशी निम्मं, सलग तिसऱ्या ढगाळ दिवशी काहीच नाही. कटला चार दिवस उपाशी मरत नाही.

शेणाचंही तसंच. मातीच्या तळ्यात शेणखत टाकण्याचे सल्ले जुने आहेत आणि बेताने टाकलं तर ते काम करतं. अस्तराच्या खोल तळ्यात ते तळाशी जाऊन बसतं.

मासे किती आणि पाणी किती

३० बाय ३० मीटरचं तळं म्हणजे ९०० चौरस मीटर, नऊ गुंठ्यांच्या आसपास. मिश्र कार्प शेतीत हेक्टरी ५ ते १० हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सांगतात. त्या हिशेबाने या तळ्यात साडेचारशे ते नऊशे बसतात. एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसेल तर मी पाचशेच्या वर जात नाही, त्यात कटला तिसरा हिस्सा. बीज विकणारा मात्र "मरतात थोडे, तीन हजार टाका" म्हणतो. ते न मरता जगले की अडचण सुरू होते. पहिले सहा महिने काही जाणवत नाही, कारण मासा लहान असतो. नंतर तेवढीच डोकी, पण वजन दहापट.

दुसरी गोष्ट उन्हाळ्यातल्या पाण्याची. अस्तराच्या तळ्याला उतार असतो. तीन मीटर खोल, दीडास एक उताराचं (मीटरभर खाली गेलं की काठ दीड मीटर आत येतो असं), ३० बाय ३० चं तळं भरलं की त्यात वीस लाख लिटरच्या आसपास पाणी असतं. बागेला देता देता उंची निम्म्यावर आली की पाणी निम्मं राहत नाही, चाळीस टक्क्यांवर येतं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये तेवढेच, वाढलेले मासे अडीचपट दाटीत, गरम पाण्यात. तुमचा त्रास दरवर्षी याच महिन्यांत येत असेल तर उत्तर इथेच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाळं लावून किलोभराचे झालेले विका. ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. उलट पैसे हाती येतात.

पहिल्या वळवाच्या पावसानंतर, किंवा गार वारा सुटल्यावर मासे वर आले, तर कारण जरा निराळं. खोल तळ्यात वर गरम, खाली गार असे दोन थर पडलेले असतात आणि खालच्यात ऑक्सिजन जवळपास नसतो. वरचं पाणी अचानक गार झालं की ते जड होऊन खाली जातं आणि खालचं वर येतं. दिवसाढवळ्याही मासे गुदमरू शकतात. हे टाळायचं तर उन्हाळाभर रोज दुपारी तासभर पाणी हलवा, म्हणजे थर पक्के होत नाहीत.

गाळाचा वास

लांब बांबूच्या टोकाला डबा बांधून तळाचा गाळ वर काढा आणि वास घ्या. अस्तराच्या तळ्यात बांबू जपून, टोकाला फडकं गुंडाळून. कागदाला भोक पडलं तर माशांचा प्रश्न राहील बाजूला. मातीचा वास ठीक. सडक्या अंड्याचा वास आणि काळा रंग असेल तर तळाशी ऑक्सिजनविना कुजणं चालू आहे. असा गाळ मासे असताना ढवळायचा नाही. तळं रिकामं करायचं, उन्हात वाळवायचं, गाळ काढून बागेला घालायचा. यासाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबायला लागतं, तोवर खाद्य कमी आणि पाणी हलतं ठेवणं, एवढंच हातात.

किट

इथून पुढे खर्च. थेंब टाकून रंग बघायची किट मिळते. विरघळलेला ऑक्सिजन, सामू (पीएच), अमोनिया आणि नायट्राइट हे चार हवेत. हे शेवटचं नाव नीट वाचून घ्या. कल्ल्यांतून शिरून लगेच घात करणारं रसायन अमोनियाच्या पुढच्या पायरीचं, म्हणजे नायट्राइट. बहुतेक जण बोलताना त्यालाही नायट्रेटच म्हणतात. किट घेताना मात्र पाकिटावर नायट्राइट लिहिलेलं हवं.

ऑक्सिजन सूर्योदयाआधी मोजा. दुपारी मोजून "आठ आला, सगळं बरोबर आहे" म्हणणारे भेटतात. सामू दोनदा मोजा, पहाटे आणि दुपारी तीनला. पहाटे साडेसात आणि दुपारी साडेनऊ असेल तर शेवाळ दाट आहे, हात न घालताही कळलं. आणि हे महत्त्वाचं: सामू आणि तापमान जितकं जास्त, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. पहाटे निरुपद्रवी असलेलं प्रमाण दुपारी जीवघेणं होतं. म्हणून अमोनिया असताना कळीचा चुना टाकू नका. तो सामू वर चढवतो. चुना वाईट नाही, पण तो तळं तयार करताना, मासे नसताना.

नायट्राइट वाढलं की माशाचं रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं थांबवतं. पाण्यात ऑक्सिजन भरपूर, तरी मासा गुदमरतो. साधं मीठ यावर उपयोगी पडतं, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. पण किती, हे मोजमापावरून ठरतं, आणि हेच पाणी बागेला जाणार असेल तर मीठ टाकण्याआधी विचारून घ्या.

कल्ले

वर आलेला, अजून जिवंत असलेला एक कटला जाळीने उचला आणि कल्ल्याचं झाकण उघडा. लालभडक असेल तर रोग नाही, पाण्याकडे परत जा. चॉकलेटी असेल तर नायट्राइट. फिकट, चिकट थर साचलेला, कडा झिजलेल्या किंवा पांढऱ्या बारीक गाठी असतील तर परजीवी. अंगावर चपट्या, हलणाऱ्या, मसुराएवढ्या चकत्या दिसल्या तर ती माशांची ऊ. असा मासा अंग घासत फिरतो आणि उड्या मारतो.

माझं काम इथे संपतं. औषध मी सांगत नाही. गेल्या वर्षी एका औषधविक्रेत्याने फोटो बघून बाटली दिली, मात्रा एकराची सांगितली, खोली विचारली नाही. तीन मीटर खोल तळ्याला आणि एक मीटर खोल तळ्याला एकच मात्रा कशी चालेल? सुदैवाने तिथे औषध कमी पडलं. उथळ तळं असतं तर उलटं झालं असतं.

एअरेटर

वरचं सगळं करूनही पहाटेचा ऑक्सिजन तीनच्या खाली येत असेल तर एअरेटर. सर्वांत शेवटी सांगतोय, कारण जास्त मासे आणि जास्त खाद्य झाकायला लोक तो घेतात आणि ज्या रात्री लाइट जाते त्या रात्री सगळं एकदम जातं. शेतीची लाइट कधी दिवसाची, कधी रात्रीची. ज्या आठवड्यात दिवसाची पाळी असते त्या आठवड्यात पहाटे तीनला तो कशावर चालणार, हे आधी ठरवा. जनरेटर किंवा डिझेल इंजिन तयार हवं. इंजिन बांधाच्या बाहेर, तेल तळ्यात ठिबकणार नाही असं. चालवायची वेळ मध्यरात्रीपासून ऊन येईपर्यंत. संध्याकाळी सात ते दहा चालवून झोपणारे मी बघितलेत. त्या वेळी गरजच नसते.

वायरिंग स्वतः करू नका. पाण्यात तरंगणारी मोटर, अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हे वायरमनचं काम. पाण्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन स्विच बंद, माणसं लांब, आणि मासे गेले तर जाऊ द्या.

थांबायचं कधी

दोन दिवस सलग मासे मरतायत. दुपारीही वर आहेत. कल्ले लाल नाहीत. अंगावर जखमा किंवा लाल चट्टे आहेत. फवारणीचा संशय आहे. यातलं एकही असेल तर स्वतःचे प्रयोग बंद करा. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात जा. रत्नागिरीतल्या शिरगावला, तसंच उदगीर आणि नागपूरला मत्स्य महाविद्यालयं आहेत. विषाचा संशय असेल तर तळ्यातले मासे खाऊ नका, विकूही नका.

जाताना रात्रीचा मेलेला, फुगलेला मासा नेऊ नका, त्यातून काही कळत नाही. धडपडणारा जिवंत मासा तळ्याच्याच पाण्यात न्या, नाहीतर नुकताच मेलेला बर्फात ठेवून न्या, गोठवून नव्हे. पाण्याची बाटली आधी त्याच पाण्याने तीनदा विसळा, पाण्याखालीच काठोकाठ भरा, आत बुडबुडा न ठेवता झाकण लावा, आणि बाटलीवर वेळ लिहा. सोबत तीन दिवसांची घड्याळाची नोंद, खाद्याचा हिशेब आणि तळ्याची लांबी, रुंदी, आजची खोली. आणि काय काय टाकून झालंय ते सगळं सांगा, शेजाऱ्याच्या सल्ल्याने टाकलेलंसुद्धा.